जवानाचं पायाचं दुखणं आणि पेन्शनचा हक्क

धार आणि देवासला पवारांच्या गाद्या स्थापन झाल्या त्या तलवारीच्या बळावर. इथल्या मराठी घरांना फौजेची नोकरी परकी नाही, महूची छावणीही शेजारीच आहे. तरी निवृत्त जवानाचं पायाचं दुखणं बहुधा घरातच जिरतं. “मला कुठे गोळी लागली होती?” असं म्हणून तो अपंगत्व पेन्शनसाठी अर्जच करत नाही.

गोळी लागलेलीच हवी, हा सगळ्यात मोठा गैरसमज. नियम विचारतो एवढंच, की विकार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे बळावला का. सियाचिनमधला हिमदंश यात बसतो, तसा सरावात मोडलेला घोटाही बसू शकतो. वर्षानुवर्षं जड बूट आणि पाठीवर ओझं वाहून जडलेल्या टाचदुखीचाही दावा करता येतो. शत्रूच्या सुरुंगात पाय गेला, तर युद्धजखमेची वेगळी आणि जास्त दराची पेन्शन आहे.

“पाय आधीपासूनच सपाट असतील,” हे उत्तर ऐकून अनेक जण गप्प बसतात. पण भरतीच्या वेळी तळपाय तपासलेच जातात. चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान दिसली, पाय लवचिक आणि वेदनारहित असला, तर उमेदवार पात्र ठरतो. धरमवीर सिंह खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की भरतीच्या कागदांवर विकाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असंच धरायचं, आणि विकाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहतो. पायाच्या दाव्यात माझ्या मते याहून मोठा आधार नाही.

जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांग प्रमाणपत्र असलं की पेन्शन मिळते, असंही समजलं जातं. ते प्रमाणपत्र सवलतींसाठी. तिथे साधारण 40 टक्क्यांची अट असते. लष्कराची अपंगत्व पेन्शन ठरते निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या नोंदीवरून, आणि तिथे किमान 20 टक्के पुरतात. हे अपंगत्व मान्य झालं, की सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालानुसार 50 टक्क्यांखालचं प्रमाण 50 धरलं जातं. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, म्हणून 50 ला 15 टक्के. मात्र 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, आणि अग्निवीरांना पेन्शनऐवजी एकरकमी भरपाई आहे. त्यांनी जुने आकडे धरून चालू नये.

दावा फेटाळला म्हणजे संपलं, असं नाही. पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं, आणि पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं जबलपूर पीठ आहे. उशीर झाला तरी दरवाजा पूर्ण बंद होत नाही, फक्त थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. त्यामुळे थांबण्यात नुकसान आपलंच.

घरात निवृत्त जवान असेल, तर त्याच्या मेडिकल बोर्डाच्या कागदांची प्रत आजच शोधा. सापडली नाही तर त्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा, आणि ती घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.