हजार फुटी ठोकळा

महाडच्या वखारीत लाकूड घनफुटावर मोजतात. अमेरिकेत आणि कॅनडात पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांचं चिरलेलं लाकूड ‘बोर्ड फुटा’वर विकलं जातं. लांबी-रुंदी आपल्यासारखीच फूट-फूट, जाडी मात्र एकच इंच. आपल्या एका घनफुटात त्यांचे बारा बसतात. आता त्यांचं लाकूड आपल्या तालुक्यात उतरवून पाहू.

२०२४ साली कॅनडातून अमेरिकेत गेलं सुमारे १२ अब्ज बोर्ड फूट. बाराने भागलं की १०० कोटी घनफूट, म्हणजे हजार गुणिले हजार गुणिले हजार. सावित्रीकाठी तेवीस एकर भातखाचरं घ्यावीत आणि त्यांवर हजार फूट उंच भरीव ठोकळा रचावा, इतकं. रायगड किल्ला समुद्रसपाटीपासून साधारण २,७०० फूट. हा ठोकळा त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा वरच जाईल. आणि अमेरिकेची वर्षाची गरज यातून जेमतेम पाव भागते.

यात थोडी हवाही आहे. तिकडे ज्याला ‘दोन बाय चार’ म्हणतात, ती पट्टी रंधा मारल्यावर दीड बाय साडेतीन इंच उरते. बिल मात्र दोन बाय चारचंच. ठोकळ्याचा तिसरा हिस्सा कागदावरच गेला म्हणा. आपल्या वखारवाल्यांनी हे करून पाहावं!

कागदावरचे हजार घनफूट धरले तर माल भरतो नऊ-दहा टन, एक ट्रक. तसे दहा लाख ट्रक. पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथे चहा घेत बसलात, तर दर अर्ध्या मिनिटाला एक ट्रक पुढून जाईल, रात्रंदिवस, वर्षभर.

२००५ मध्ये निर्यातीचा हाच आकडा साडेएकवीस अब्ज बोर्ड फुटांच्या घरात होता. ठोकळ्याची बाजू तेव्हा १,२१५ फूट. माल पावणेदोन पट, पण उंची फक्त दोनशे पंधरा फुटांनी जास्त. घनाचं गणित डोळ्यांना असं फसवतं.

मग घट का झाली? अमेरिकेतला घरबांधणीचा फुगा फुटला, हे एक. दुसरं कारण तांदळाच्या दाण्याएवढं. ब्रिटिश कोलंबियात पाइनची साल पोखरणारा भुंगेरा कडाक्याच्या थंडीत मरायचा. हिवाळे सौम्य झाले आणि तो पसरला. बाधित जंगल सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर, म्हणजे पंचवीस रायगड जिल्हे!

तिसरं कारण म्हणजे शुल्काचं भांडण, १९८२ पासून चालू असलेलं. कॅनडातलं बहुतेक जंगल सरकारी, म्हणून झाडाचा दरही सरकारच ठरवतं. अमेरिकी गिरणीवाल्यांच्या मते ही लपवलेली सबसिडी आहे, म्हणून अमेरिका या लाकडावर शुल्क लावते. २००६ च्या करारात अमेरिकेने वसूल केलेल्या पाचेक अब्ज डॉलरांपैकी चार अब्ज परत केले. तो करार २०१५ मध्ये संपला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एकूण शुल्क ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं.

भावाची उडी तर याहून अचाट. एप्रिल २०२० मध्ये वायदेबाजारात हजार बोर्ड फुटांना अडीचशे डॉलरच्या आसपास, मे २०२१ मध्ये १,६७०. वखारीच्या भाषेत, घनफुटाला अडीचशे रुपयांच्या आतला भाव वर्षभरात साडेचौदाशेच्या घरात. आपल्याकडे गिऱ्हाईक वखारवाल्याच्या अंगावर धावून गेलं असतं. तिकडे लोकांनी घेतलंही, आणि ऑगस्टमध्ये तोच भाव साडेचारशे रुपयांच्या आत आला.