बदलीवाला म्हणजे कोण?

परळ नाक्यावर उभं राहून नारायण सुर्वे वाचायचे म्हटलं, तर आज निम्मे संदर्भ जागेवर सापडत नाहीत. गिरणीचा भोंगा गेला, पाळी सुटतानाची गर्दी गेली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं. सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म' हा संग्रह १९६२चा, 'माझे विद्यापीठ' १९६६चा. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ज्या जगातून ही कविता आली ते जग कवीच्या डोळ्यांदेखत मोडलं. सुर्वे त्यानंतर २८ वर्षं जगले.

मग प्रासंगिक कविता म्हणजे कालचं वर्तमानपत्र, ही जुनी तक्रार खरी मानायची का? मला ती कधी पटली नाही. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा तर त्या काळची ताजी बातमीच होती, तरी तो टिकला. आणि 'गोलपिठा'चं काय? १९७२ साली नामदेव ढसाळांचा हा संग्रह आला तेव्हाच त्यातले कित्येक शब्द दादरच्या वाचकाला कळत नव्हते. प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही अर्थ कवीलाच विचारावे लागले. गोलपिठा ही वस्ती दादरपासून फार तर चार-पाच मैलांवर. म्हणजे संदर्भ न कळायला काळच जावा लागतो असं नाही.

सुर्व्यांची मार्क्सवरची कविता जरा निरखून पाहा. पहिलाच संप, मिरवणूक, पोराच्या खांद्यावर बॅनर. त्यावरचा माणूस कोण हे त्याला सांगते ती जानकी अक्का, आणि तेही कुठे जन्मला, काय लिहिलं, कुठे मातीला मिळाला, असं गावाकडच्या एखाद्या थोरल्याची ओळख करून द्यावी तसं. तळटीप कवितेच्या पोटातच आहे, आणि ती अक्काच्या तोंडी आहे. उद्या मार्क्स कोण हे कुणालाच ठाऊक नसलं, तरी ही बाई कळेल. उलट त्याच काळातल्या चळवळीच्या कित्येक कवितांत व्हिएतनाम, क्युबा ही नावं नुसती झेंड्यासारखी रोवलेली दिसतात. त्या कविता आज वाचवत नाहीत. दोष संदर्भाचा नव्हे, त्याच्याखाली माणूस नाही याचा.

अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीची गोष्ट याहून मजेची. आधी मुंबईत पोट भरायला आलेल्या गड्याचा विरह, मग त्याच विरहाच्या धाग्यात संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख. मी ऐकलेल्या कार्यक्रमांत बहुतेक पहिला भागच गातात. दुसरा 'त्या काळापुरता' म्हणून गळतो. पण १ मे १९६०ला राज्य झालं तरी बेळगाव आलं नाही, आणि सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. शिळा ठरवून वगळलेला भागच अजून चालू आहे! मैना मात्र केव्हाच डोंबिवलीला राहायला आली.

खरी अडचण नावांची नाहीच. नावं कोशात सापडतात. अडचण साध्या शब्दांची. परवा भाचीने विचारलं, ''बदलीवाला म्हणजे ट्रान्सफर झालेला ना?'' नव्हे. पहाटे गिरणीच्या गेटवर उभा राहणारा, कुणाचा खाडा पडला तर त्याच्या जागी आत जाणारा, नाहीतर डबा तसाच घेऊन चाळीत परतणारा. 'बदली' शब्द तिला येतो, म्हणूनच आपण चुकतोय हे कळत नाही. पाळी, खातं, साचा यांचंही तेच. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या आठवणी नोंदवून ठेवल्या म्हणून बरं.

१९८२ साली विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेला आहे. तुमच्या घरी, शेजारी असा कुणी असेल, तर या दिवाळीत सुर्व्यांचा एक संग्रह घेऊन त्याच्याजवळ बसा. अडेल तो शब्द विचारा, आणि तो सांगेल ते पेन्सिलीने तिथेच, समासात लिहून ठेवा.