भरदुपारची मध्यरात्र

कोकणातल्या एका वाड्याच्या मागीलदारी आम्ही दुपारी बारा वाजता मध्यरात्रीचा सीन घेत होतो. लेन्सवर गडद फिल्टर, अॅपर्चर आवळलेलं. हडळीच्या मेकअपमधली नटी पायरीवर बसून घाम टिपत होती आणि स्पॉटदादांकडे कोकम सरबत मागत होती. मी सगळ्यांत धाकटा असिस्टंट. माझं काम एकच: फ्रेममध्ये आभाळ शिरतंय का, ते बघायचं. आभाळ दिसलं की रात्र खोटी पडते. अकराव्या टेकला नटी भोवळ येऊन पडली. दिग्दर्शकाने आधी विचारलं, "शॉट मिळाला ना?" आणि मग म्हणाला, "अरे, पाणी द्या कुणीतरी तिला."

पुढे 'शॅडो ऑफ द व्हॅम्पायर' (२०००) पाहताना ही दुपार आठवली. ई. एलियास मेरिज यांचा हा चित्रपट एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू' (१९२२) या पिशाच्चपटाच्या चित्रीकरणाची कपोलकल्पित गोष्ट सांगतो. मुर्नाऊला (जॉन माल्कोविच) अस्सल पिशाच्चपट हवा असतो, म्हणून तो खरंच पिशाच्च गाठून आणतो. युनिटला सांगतो, हे नट माक्स श्रेक. भूमिकेत इतके बुडालेत की मेकअपशिवाय दिसणार नाहीत आणि फक्त रात्रीच काम करतील. पिशाच्चाचं मानधन म्हणजे शेवटच्या शॉटनंतर नायिकेची मान.

विलेम डॅफोचा श्रेक हवेतलं वटवाघूळ पकडून कचाकचा खातो आणि युनिट त्याच्या अभिनयनिष्ठेला दाद देतं. कॅमेरामन त्याच्या तावडीत सापडतो, तेव्हा मुर्नाऊ चिडतो. पण माणूस गेला म्हणून नव्हे, शूटिंग अडलं म्हणून. सेटवर दिवस काढलेल्या माणसाला हे अतिशयोक्तीचं वाटत नाही.

खरा श्रेक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत मुरलेला साधा नट होता. मूळ चित्रपटाची गंमत वेगळीच आहे. त्याची कथा जिच्यातून उचलली, त्या ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडीही फिरू शकतो. सूर्यप्रकाशाने पिशाच्च नष्ट होतं, हा नियम पडद्यावर आणला 'नोस्फेराटू'ने. पण तेव्हाची फिल्म इतकी मंद होती की बाहेर रात्री काही उमटायचंच नाही. त्यामुळे उन्हाने मरणाऱ्या पिशाच्चाला उन्हातच उभं करावं लागलं. त्यातलं पिशाच्च, काउंट ऑरलॉक, शवपेटी काखोटीला मारून गावातून जातो, तेव्हा त्याची सावली स्वच्छ पडलेली दिसते. प्रिंटला निळा रंग दिला, की झाली रात्र. आमच्या फिल्टरचा हा पणजोबा!

मेरिजने हाच धागा पकडला आहे. एका प्रसंगात एकटा श्रेक प्रोजेक्टरपाशी जातो आणि त्याला पडद्यावर सूर्योदय दिसतो. जो सूर्य बघता येत नाही, तो सिनेमाने दाखवला. शेवटी त्याच सूर्याने तो संपतो. आजूबाजूला मृतदेह पडलेले, आणि मुर्नाऊ कॅमेऱ्याचा दांडा फिरवतोच आहे.

जुन्या चित्रपटाच्या निर्मितीवरचा चित्रपट म्हटलं की आपल्याला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आठवतो. तिथे फाळके आपल्या वेडाची किंमत घरातलं सामान विकून मोजतात. मेरिजचा मुर्नाऊ तीच किंमत दुसऱ्यांच्या गळ्यातून वसूल करतो. वेड दोघांचंही खरं. बिल कुणाच्या नावावर फाटतं, एवढाच फरक.

'नोस्फेराटू' ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये झळकला. हक्क न घेता कथा उचलल्यामुळे स्टोकरच्या विधवा पत्नीने खटला भरला आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. तरी काही प्रती वाचल्या. पिशाच्चाला शोभेल असंच!

हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ बघा, आधी जुना. मात्र निळ्या छटेची प्रत शोधा. निव्वळ कृष्णधवल मिळाली, तर भरदुपारी फिरणारं पिशाच्च बघून हसू येईल, आणि त्या हसण्यात आमची ती नटी माझ्यासारखी तुम्हाला आठवणार नाही.