मोटारीतला संगणक : पडदा सोपा, वीज अवघड

घोटी, प्रतिनिधी –

मुंबईहून नाशिककडे निघालेली मोटार कसारा घाट चढून आणि इगतपुरी मागे टाकून घोटीत पोहोचते, तोवर तिच्यातील विद्युत यंत्रणेची चांगलीच परीक्षा झालेली असते. घाटातले हादरे, एप्रिल-मेचे ऊन, पावसाळ्यात इगतपुरी परिसरात दिवसेंदिवस टिकणारी ओल आणि महामार्गावरचा वेग हे सारे सोसत डॅशबोर्डवरचा पडदा रस्ता दाखवत असतो, गाणी ऐकवत असतो. कारखान्यातूनच बसवून आलेल्या पडद्याच्या बाबतीत या साऱ्याचा विचार अभियंत्यांनी आधीच केलेला असतो. जुन्या गाडीत स्वतःच्या हाताने संगणक आणि टचस्क्रीन बसवू पाहणाऱ्या हौशी मंडळींना मात्र तो स्वतः करावा लागतो.

अशी मंडळी आज कमी नाहीत. दहा-बारा वर्षांची, पण इंजिनाने अजून धडधाकट असलेली मोटार विकावीशी वाटत नाही, आणि तिच्यात नव्या गाड्यांसारखा पडदाही हवा असतो. बाजारात तयार अँड्रॉइड प्लेयर मिळतात. परंतु आपल्या पसंतीची गाणी, मागचा कॅमेरा, नकाशा आणि इंजिनाची माहिती एकाच ठिकाणी, आपल्याला हवी तशी मांडायची असेल तर संगणक स्वतः जुळवण्यात वेगळाच आनंद असतो. या कामात संगणकाची जुळणी हा सर्वांत सोपा भाग असतो. अडचणी येतात त्या वीज, उष्णता आणि चालकाची नजर या तीन ठिकाणी.

कल्पना जुनीच

मोटारीत पडदा बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९८६ च्या रिव्हिएरा मोटारीत स्पर्शाने चालणारा पडदा दिला होता. रेडिओ किंवा वातानुकूलनासारख्या साध्या कामासाठीही रस्त्यावरची नजर काढावी लागते, अशी तक्रार तेव्हाही झाली. १९९० च्या रिव्हिएरात कंपनी पुन्हा बटणांकडे वळली.

हौशी मंडळींचा काळ खऱ्या अर्थाने सुरू झाला तो २००१ नंतर. तैवानच्या व्हिया कंपनीने त्या वर्षी जेमतेम १७ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मदरबोर्ड आणला. तो सीटखाली किंवा डिकीत मावत असे. त्याला सात इंची टचस्क्रीन जोडायची, विंडोज एक्सपी चढवायची आणि हार्डडिस्कवर गाण्यांचा खजिना भरायचा, हा त्या दशकातला शिरस्ता होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा संगणक आला आणि खर्च व जागा दोन्ही घटले. पुढे २०१४-१५ च्या सुमारास ॲपलचे कारप्ले आणि गुगलचे अँड्रॉइड ऑटो आले. त्यामुळे यंत्रणेचा मेंदू बहुतांशी खिशातल्या मोबाइलकडे गेला. पडदा, ध्वनी आणि वीजपुरवठा यांची व्यवस्था मात्र गाडीतच करावी लागते.

बारा व्होल्ट नावालाच

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात हा आकडा क्वचितच स्थिर असतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरत असतो, तेव्हा व्होल्टेज साधारण १४ च्या आसपास जाते. किल्ली फिरवून स्टार्टर लावला की तो शंभराहून अधिक अँपियर वीज ओढतो आणि व्होल्टेज क्षणभर ९ किंवा त्याखालीही घसरते. याच क्षणी घरगुती पद्धतीने जोडलेला संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. याउलट, चालत्या इंजिनात बॅटरीची तार सैल होऊन सुटली तर अल्टरनेटरची वीज एकाएकी अंगावर येते आणि काही क्षण ४० व्होल्टच्याही वर जाऊ शकते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक संगणकाचा निकाल लागायला तेवढे पुरे असते.

म्हणून या प्रकल्पात पहिला पैसा खर्च करावा तो मोटारीसाठीच बनवलेल्या वीजपुरवठा यंत्रावर. चांगले यंत्र ६ ते २४ व्होल्टपर्यंतचा चढउतार पचवून संगणकाला स्थिर वीज देते. मोबाइल चार्ज करण्याचा स्वस्त ॲडाप्टर हे काम करू शकत नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर धावणाऱ्या मालमोटारींच्या चालकांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोठ्या ट्रकची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते. मोटारीसाठी घेतलेले १२ व्होल्टचे उपकरण त्यात थेट जोडले तर ते जळते.

फ्यूजविषयीही गैरसमज दिसतो. फ्यूज संगणक वाचवण्यासाठी आहे, असे अनेकांना वाटते. त्याचे खरे काम तार वाचवणे हे आहे. बॅटरीकडून आत येणारी तार कुठे घासून सोलली गेली आणि गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी क्षणार्धात शेकडो अँपियर वीज सोडते. तार तापून लाल होते आणि आसपासचे प्लास्टिक पेटते. फ्यूज बॅटरीजवळ असेल तरच हा धोका टळतो. तो डॅशबोर्डखाली, तारेच्या दुसऱ्या टोकाला बसवला तर मधली सारी तार उघड्यावर राहते. तारेची जाडी प्रवाहाला पुरेशी हवी, ती पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश हवा, आणि चालू तारेला टोचून नुसत्या चिकटपट्टीने जोड देणे टाळायला हवे.

स्पीकरमधून इंजिनाच्या वेगाबरोबर चढत-उतरत जाणारी शिट्टी ऐकू आली तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. संगणक आणि ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग गाडीच्या पत्र्यावर वेगवेगळ्या ठिकाणी दिली की त्यांच्यात सूक्ष्म फरक पडतो आणि अल्टरनेटरचा आवाज गाण्यात मिसळतो. दोन्हीची अर्थिंग एकाच ठिकाणी, रंग खरवडून पक्की केली की तो बहुधा थांबतो.

बंद करण्याची शिस्त

घरचा संगणक आपण रीतसर बंद करतो. गाडी मात्र किल्ली काढताच बंद होते. चालू संगणकाची वीज अशी तडकाफडकी गेली की मेमरी कार्डावर लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहते आणि कधीतरी संपूर्ण यंत्रणाच उठेनाशी होते. यावर उपाय म्हणून दोन तारा घेतात. एका तारेत बॅटरीची कायमची वीज असते, दुसरीत फक्त किल्ली फिरवल्यावर येणारी. दुसऱ्या तारेतील वीज गेली की संगणकाला बंद होण्याचा संदेश मिळतो, तो आपली आवराआवर करतो आणि मिनिटभराने वीजपुरवठा यंत्र त्याची वीज पूर्ण तोडते.

ही शेवटची पायरी महत्त्वाची आहे. लहान मोटारीची बॅटरी साधारण ३५ अँपियर-तासांची असते. संगणक आणि पडदा मिळून सतत १ अँपियर वीज ओढत राहिले तर हिशेबाने दीड दिवसात ती रिकामी होईल, आणि इंजिन सुरू करण्याइतकी ताकद त्याच्या बऱ्याच आधी संपेल. शनिवारी घरी उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना मागचा कॅमेरा बंधनकारक आहे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत चित्र दिसावे, असा तेथील नियम आहे. हौशी संगणकाला सुरू व्हायला वीस-तीस सेकंद लागत असतील तर तोवर गाडी मागे येऊन गेलेली असते. म्हणून कॅमेरा संगणकावर विसंबून ठेवू नये. तो थेट पडद्याला जोडावा.

ऊन, पाऊस आणि हादरे

उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो. घरगुती वापराचा पडदा आणि संगणक या तापमानासाठी बनवलेले नसतात. संगणक डॅशबोर्डच्या वर न ठेवता सीटखाली, हवा खेळेल अशा जागी ठेवावा. घाटातले हादरे फिरत्या हार्डडिस्कला मानवत नाहीत, म्हणून माहिती साठवायला फिरता भाग नसलेली एसएसडी घ्यावी.

पडद्याच्या बाबतीत नाशिकमध्येच तयार झालेले उदाहरण बोलके आहे. २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेली महिंद्राची नवी थार नाशिकच्या कारखान्यात बनते. तिचे छत उघडता येते, त्यामुळे तिच्या सात इंची पडद्याला पावसाचे तुषार सोसता यावेत अशी रचना कंपनीने केली. हे का करावे लागले, ते पडद्याच्या तंत्रावरून कळते. २००० च्या दशकातले पडदे दाबावर चालत. वरचा पातळ थर बोटाने दाबून खालच्या थराला टेकला की स्पर्श नोंदला जाई. आजचे पडदे बोटामुळे विद्युत क्षेत्रात होणारा सूक्ष्म बदल ओळखतात. पाण्याच्या थेंबानेही तसा बदल होतो आणि पडद्याला ते बोट वाटू शकते. आषाढात काच उघडी ठेवून घोटीच्या बाजारपेठेतून जाणाऱ्याला ही अडचण सहज येऊ शकते.

बोगद्यात नकाशा का थांबतो?

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. या टप्प्यात इगतपुरीजवळ जवळपास ८ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने तो पार करायला पाचेक मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ उपग्रहांचा संदेश डोंगराआड जातो. कारखान्यातून आलेल्या अनेक यंत्रणा अशा वेळी चाकांचा वेग आणि वळण ओळखणारा संवेदक यांच्या आधारे गाडी कुठे असेल याचा अंदाज बांधतात. केवळ जीपीएसवर चालणाऱ्या हौशी यंत्रणेला ते जमत नाही.

त्यावर वाट आहे. भारतात एप्रिल २०१३ पासून मोटारींना ओबीडी-२ ही निदान व्यवस्था लागू झाली. स्टिअरिंगखाली असलेल्या तिच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये छोटा ॲडाप्टर लावला की वेग, इंजिनाचे फेरे, कूलंटचे तापमान ही माहिती संगणकाला मिळते. घाट चढताना इंजिन किती तापते आहे, हे पडद्यावर दिसणे गाण्यांपेक्षा कितीतरी उपयोगाचे. हा ॲडाप्टरही गाडी बंद असताना थोडी वीज खातो, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर तो काढून ठेवावा.

दोन सेकंदांचा हिशेब

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नजरेचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. समृद्धीवर हलक्या वाहनांना मुभा असलेल्या १२० च्या वेगाने हेच अंतर ६७ मीटर होते. हे अंतर चालक रस्ता न पाहता कापतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये वाहन उत्पादकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एकदा पडद्याकडे टाकलेली नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त असू नये आणि एक काम पुरे व्हायला एकूण बारा सेकंदांहून अधिक काळ तिकडे पाहावे लागू नये, असे त्यात म्हटले आहे. युरोपातील युरो एनकॅप या सुरक्षा चाचणी संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे आणि आपत्कालीन मदत यांसाठी प्रत्यक्ष बटणे वा खटके असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. रिव्हिएराच्या ग्राहकांनी केलेली तक्रार उद्योगाने पुन्हा ऐकली, असे म्हणायला हरकत नाही.

स्वतः यंत्रणा बनवणाऱ्याला येथे एक लाभ आहे. पडद्यावर काय दिसावे हे तोच ठरवतो. मोठी, मोजकी चिन्हे, रात्री काळी पार्श्वभूमी, आवाज कमी-जास्त करायला फिरते बटण आणि गाडी चालू असताना चित्रफीत बंद, एवढे केले तरी धोका बराच कमी होतो.

नियम आणि विमा

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, चालकाला हातातील संपर्कसाधन केवळ मार्गदर्शनासाठी आणि एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने वापरण्याची मुभा आहे. नोंदणीपत्रातील तपशील बदलणाऱ्या फेरफारांना मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम प्रतिबंध करते. ध्वनियंत्रणा बदलल्याने तो तपशील बदलत नाही. परंतु विम्याचे तसे नाही. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांची किंमत विमा कंपनीला कळवून वाढीव हप्ता भरावा लागतो, अन्यथा चोरी किंवा नुकसानीत त्यांची भरपाई मिळत नाही. वॉरंटीतील गाडीच्या मूळ वायरिंगला कात्री लावली तर विद्युत यंत्रणेची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. तयार कपलर वापरून तारा न कापता जोडणी करता येते. एअरबॅगच्या तारा बहुधा पिवळ्या आवरणात असतात. त्यांना हात लावू नये आणि एअरबॅग उघडण्याच्या जागेसमोर पडदा बसवू नये.

ज्याला हे काम करायचे आहे त्याने घाई करू नये. आधी सारी जुळणी घरच्या टेबलावर जुनी बॅटरी घेऊन आठवडाभर चालवून पाहावी. मग वीजपुरवठा, फ्यूज आणि अर्थिंग एखाद्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. पडदा सर्वांत शेवटी बसवावा. त्यानंतर दिवसा आणि रात्री एकेकदा मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून, पडद्याकडे किती वेळा आणि किती वेळ पाहावे लागते हे शेजारी बसलेल्या माणसाला मोजायला सांगावे. दोन सेकंदांहून जास्त वेळ लागणारे प्रत्येक काम गाडी थांबल्यावरच करता येईल, अशी सोय संगणकातच करून ठेवावी आणि मगच कसारा घाटाची वाट धरावी.