तारेचा माऊस की बिनतारी?

समजा ईद झाली. अब्बू, चाचा, मामू, खाला या सर्वांनी दिलेली ईदी तुम्ही जपून ठेवली. घरात भाईजानच्या अभ्यासासाठी घेतलेला एक जुना संगणक आहे. त्याचा माऊस आता कुरकुर करतो. बटण एकदा दाबले, तर दोनदा दाबल्यासारखे होते. अभ्यासात ते एक वेळ चालून जाते. पण खेळात ऐन वेळी घात होतो. म्हणून तुम्ही सांगोल्याच्या बाजारात एका दुकानात गेलात. दुकानदाराने दोन खोकी पुढे ठेवली. एकात तारेचा माऊस आहे, किंमत ३५० रुपये. दुसऱ्यात बिनतारी माऊस आहे, किंमत ७०० रुपये. तुमच्या खिशात आहेत ८०० रुपये.

"बिनतारीच न्या, आता सगळे तोच नेतात," दुकानदार म्हणतो. मागे उभा असलेला मित्र कानात सांगतो, "नको रे, बिनतारी माऊस खेळात मागे पडतो." आता कोणाचे ऐकाल? हे पैसे एकदा खर्च झाले, की पुढच्या ईदपर्यंत वाट पाहावी लागेल.

आधी या शब्दाची गंमत पाहा. 'तार' हा शब्द मराठीत आहे, तसाच तुमच्या उर्दूतही आहे. मराठीत ज्याला आपण 'बिनतारी' म्हणतो, त्याला उर्दूत 'बेतार' म्हणतात. 'लासिलकी' असाही शब्द आहे. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच : तार नसलेला. पण तार नाही, म्हणजे नेमके काय नाही? हे समजायला माऊस काम कसे करतो, ते पाहायला हवे.

पहिला माऊस १९६४ साली अमेरिकेत तयार झाला. तेथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट नावाचे संशोधक होते. कल्पना त्यांची, आणि तो प्रत्यक्ष बनवला त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी. तो होता एक लाकडी ठोकळा! खाली काटकोनात बसवलेली दोन चाके आणि वर एक बटण. एक चाक आडवी हालचाल मोजी, तर दुसरे उभी. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात एंगेलबार्ट यांनी तो लोकांसमोर चालवून दाखवला. सुरुवातीला त्याची तार मनगटाच्या बाजूने बाहेर येत असे. ती हाताखाली येऊ लागली, म्हणून ती पुढच्या बाजूला नेली. म्हणजे तारेची कटकट माऊसइतकीच जुनी आहे.

पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. तुमच्या घरातील मोठ्यांना ती आठवत असेल. आपल्या तालुक्यात उन्हाळ्यात धूळ किती उडते, ते मी तुम्हांला सांगायला नको. ती धूळ गोळीला चिकटून आत जाई आणि माऊस अडखळू लागे. मग झाकण फिरवून गोळी बाहेर काढायची, आतला मळ नखाने खरवडायचा आणि गोळी परत बसवायची, हा संगणकाच्या वर्गातला नेहमीचा उद्योग असे.

१९९९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने प्रकाशावर चालणारा एक माऊस बाजारात आणला आणि गोळीचे दिवस भरले. या माऊसच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक चिमुकला कॅमेरा असतो. दिवा टेबलावर प्रकाश टाकतो. कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेत राहतो. १९९९ च्या त्या माऊसचा कॅमेरा एका सेकंदात १५०० छायाचित्रे घेत असे! आधीचे चित्र आणि नंतरचे चित्र ताडून पाहिले, की माऊस कोणत्या दिशेने किती सरकला ते कळते. म्हणूनच स्वच्छ काचेच्या टेबलावर साधा माऊस गोंधळतो. काचेवर त्याला ओळखीची खूणच सापडत नाही.

आता नीट लक्ष द्या. माऊसची कामे दोन. हालचाल पाहणे हे पहिले काम आणि तिचा निरोप संगणकापर्यंत पोहोचवणे हे दुसरे. तार आहे की नाही, हा प्रश्न फक्त दुसऱ्या कामाचा आहे. पहिले काम माऊसचा डोळा करतो. डोळाच अधू असेल, तर निरोप तारेने जावो की हवेतून जावो, तो चुकीचाच जाणार. दुकानात मात्र सगळे तारेबद्दल बोलतात. डोळ्याबद्दल कोणी विचारत नाही.

मित्र म्हणाला, बिनतारी माऊस मागे पडतो. ते खरे आहे का? सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिसेकंद. साधा तारेचा माऊस एका सेकंदात १२५ वेळा निरोप देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक. खास खेळासाठी केलेला माऊस सेकंदाला १००० निरोप देतो, म्हणजे दर मिलिसेकंदाला एक. हे तारेने जमते, तसेच आता चांगल्या बिनतारी माऊसलाही जमते. घरातल्या साध्या पडद्यावरचे चित्र सेकंदाला ६० वेळा बदलते, म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंदांनी एकदा.

आणि आपला हात? त्यासाठी एक प्रयोग करा. मित्राला पट्टी उभी धरायला सांगा, शून्याची खूण खाली. तुम्ही तुमचा अंगठा आणि बोट शून्याजवळ उघडे ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती पकडायची. पट्टी २० सेंटिमीटरच्या खुणेजवळ पकडली गेली, तर तुमच्या हाताला सुमारे २०० मिलिसेकंद लागले, असे समजा. एवढ्या वेळात साधा माऊससुद्धा पंचवीस निरोप देऊन मोकळा होतो! तेव्हा हरल्यावर माऊसला दोष देण्याआधी पट्टीचा हा प्रयोग आठवावा.

मग मित्राची समजूत आली कुठून? ती अगदीच खोटी नाही. पूर्वीचे काही बिनतारी माऊस टीव्हीच्या रिमोटप्रमाणे अवरक्त किरणांवर चालत. मध्ये वही आली, तरी निरोप थांबे. १९९१ साली लॉजिटेक कंपनीने रेडिओलहरींवर चालणारा माऊस आणला. रेडिओलहरी वहीला अडत नाहीत. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तरीही बरीच वर्षे बिनतारी माऊस तारेपेक्षा सावकाश असत. आजचे चांगले माऊस तसे नाहीत. पण 'चांगले' हा शब्द महत्त्वाचा आहे. बिनतारी माऊस दोन प्रकारे जोडले जातात. काहींबरोबर नखाएवढा एक खुंटीसारखा तुकडा मिळतो. तो संगणकात खोचायचा. काही माऊस ब्लूटूथने जोडले जातात. ब्लूटूथचा माऊस लिहिण्या-वाचण्याच्या कामाला उत्तम. पण वेगवान खेळात तो सहसा मागे राहतो. खेळासाठी बिनतारी माऊस घ्यायचाच असेल, तर खुंटीवाला घ्या.

खुंटीचीही एक अडचण आहे. तिच्या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात धावतात. त्याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही असते. जणू आठवडी बाजारात सगळे एकाच वेळी ओरडत आहेत. त्यात संगणकाच्या लोखंडी पेटीच्या मागे खुंटी खोचली आणि पेटी टेबलाखाली ठेवली, की निरोप मध्येच तुटतो. निरोप दोन मिलिसेकंद उशिरा आला, तर खेळात कळतही नाही. पण तो आलाच नाही, तर बाण अडकतो आणि मग उडी मारतो. यावर उपाय सोपा आहे. एक छोटी जोडतार घेऊन खुंटी माऊसजवळ आणून ठेवायची. म्हणजे बिनतारी माऊस नीट चालावा म्हणून तार विकत घ्यायची! मला हे सांगतानाही हसू येते.

तारेच्या माऊसला वीज तारेतूनच मिळते. बिनतारी माऊसला सेल लागतो. साधा पेन्सिल सेल सुमारे २३ ग्रॅम भरतो. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण तासभर माऊस उचलून सरकवताना मनगटाला तो जाणवतो. शिवाय सेल सांगून संपत नाही. तो संपतो, तेव्हा खेळ शेवटच्या टप्प्यात असतो आणि दुकाने बंद झालेली असतात. सुट्टीत गावाला जाताना सेल काढून ठेवा, नाहीतर तो आत गळतो आणि पत्र्या गंजतात. वापरलेला सेल उकिरड्यावर टाकू नका. सेल व बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम भारत सरकारने २०२२ साली केले आहेत. जेथून घेतला, तेथे तो परत घेतात का, हे विचारा.

तारेचा माऊस तरी निर्दोष आहे का? नाही. त्याची तार टेबलाच्या कडेला घासते आणि हाताला मागे ओढते. ती बहुधा माऊसच्या तोंडाशी तुटते, कारण तेथेच ती पुन्हा पुन्हा वाकते. म्हणून माऊसवर तार कधीही गुंडाळू नका. पडद्याच्या पायाजवळ चिकटपट्टीने ती हलकेच चिकटवा आणि पुढे वीतभर तार सैल सोडा. ओढ जवळजवळ नाहीशी होते. आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खरा उंदीर. आमच्या घरात एकदा उंदराने माऊसची तार कुरतडून दोन तुकडे केले. आपल्याच नावाच्या प्राण्यावर त्याने दया दाखवली नाही!

आता तुमचा खेळ कोणता, हे सांगा. बुद्धिबळ, कॅरम, पत्ते असे खेळ असतील, तर कोणताही माऊस चालतो. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत संगणकीय खेळ प्रदर्शनासाठी ठेवले होते. त्यात कच्छमधील भूज येथील तीर्थ मेहता याने भारतासाठी कांस्यपदक मिळवले. त्याचा खेळ होता 'हार्थस्टोन', म्हणजे संगणकावरचा पत्त्यांचा डाव. तेथे माऊसच्या वेगापेक्षा डोके चालवावे लागते. नेमबाजीच्या खेळांची गोष्ट वेगळी. तेथे केसभर हालचाल मोजावी लागते. त्या खेळांतील अनेक नामवंत खेळाडू आज बिनतारी माऊसच वापरतात, कारण त्यांचे माऊस हलके असतात, डोळा उत्तम असतो आणि मागे तारेची ओढ नसते. पण अशा माऊसची किंमत १०,००० रुपयांच्या वरही जाते. ते माऊस आणि दुकानातला ७०० रुपयांचा माऊस यांत 'बिनतारी' हा शब्द सोडला, तर फारसे साम्य नाही.

माझे मत विचाराल, तर एका जागी ठेवलेल्या संगणकासाठी आणि ८०० रुपयांच्या खिशासाठी तारेचाच माऊस घ्यावा. ७०० रुपयांच्या बिनतारी माऊसमध्ये काही पैसे लहरींच्या यंत्रणेवर जातात. तेवढे डोळ्यावर आणि बटणांवर कमी खर्च होतात. तेच ७०० रुपये तारेच्या माऊसवर घातले, तर डोळा आणि बटणे दोन्ही बरी मिळतात. म्हणून ३५० चा घाईने उचलू नका. "याच किमतीत खेळासाठीचा तारेचा माऊस आहे का?" असे दुकानदाराला विचारा. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि ज्याला तो घेऊन फिरावे लागते, त्याचा हिशेब वेगळा. त्याने बिनतारी घेतला, तर मी नाही म्हणणार नाही.

आपल्या सांगोल्याच्या बाजारात खिलार बैल घेणारा शेतकरी नुसते अंग पाहून पैसे मोजत नाही. तो दात पाहतो, बैल चालवून पाहतो. तुम्हीही तसेच करा. माऊस हातात घ्या. डाळिंब पारखताना घेता तसा तोलून पाहा. तळहात टेकतो का, बोटे बटणांवर सहज पोहोचतात का? डावखुरे असाल, तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माऊस मागा. मग तो दुकानातील संगणकाला जोडायला सांगा. चित्रे काढण्याच्या पानावर एक वर्तुळ अगदी सावकाश काढा, दुसरे झपाट्याने काढा. रेघ तुटली किंवा उडाली, तर दुसरा नग मागा. प्रत्येक बटण वीस वेळा दाबा. पावतीवर तारीख आणि हमीची मुदत लिहून घ्या.

माऊस ७०० मध्ये मिळाला, तर १०० रुपये उरतील. त्यांचा पॅड घेण्याची घाई करू नका. अम्मीला जुन्या जीनपँटचा एक सपाट तुकडा मागा, त्याच्या कडा शिवून घ्या आणि तो टेबलावर ताणून बसवा. माऊसच्या डोळ्याला त्या विणीत भरपूर खुणा सापडतात.