वजन किती असावं, हे कोण ठरवणार?

रेल्वे स्टेशनवर पूर्वी वजनाचं एक मोठं यंत्र असे. रंगीत दिवे लुकलुकत, आत चक्र फिरत राही. नाणं टाकलं की खटकन जाड कागदाचं तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. मंडळी वजन वाचून हसत आणि भविष्य खिशात जपून ठेवत.

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचं उलटं होतं. काट्यावरचा आकडा हेच त्याचं भविष्य होऊन बसतं.

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेची घरोघरी चर्चा झाली ती २०११ साली, भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय अध्यक्ष नितीन गडकरी यांनी ती मुंबईत करून घेतली तेव्हा. आता जालना-अंबडकडचं कुणी त्यासाठी मोठ्या शहरात गेलं तर फारसं नवल वाटत नाही. चार दिवसांत माणूस घरी येतो. पुढची वीस-तीस वर्षं मात्र त्याला घरच्याच स्वयंपाकघरात काढायची असतात. आणि भेटायला आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘मग आता किती किलोवर यायचं म्हणे?’’

याचं उत्तर बहुतेक जण उंची-वजनाच्या तक्त्यातून देतात. घोटाळा तिथेच होतो. समजा, एका बाईंची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ११० किलो आहे. भारतीयांसाठीचा निकष लावला तर त्यांचं वजन ५५ किलोच्या आत हवं, म्हणजे बरोबर निम्मं! असं क्वचितच घडतं. जठराचा पाऊण हिस्सा काढणारी ‘स्लीव्ह’ असो की आतड्याचा मार्ग बदलणारं ‘बायपास’, साधारणपणे मूळ वजनाचा पाव ते तिसरा हिस्सा उतरतो. या बाई पंचाहत्तर ते ब्याऐंशीच्या दरम्यान थांबतील. मधुमेहाच्या गोळ्या कमी झाल्या, गुडघे कुरकुरायचे थांबले, तर डॉक्टर याला यश म्हणतात. लग्नाच्या मांडवात मात्र कुणीतरी म्हणतंच, ‘‘एवढा खर्च करून एवढंच?’’

स्वीडनमध्ये १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचा त्यात वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. बायपास केलेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. आपल्या बाईंच्या हिशेबात सांगायचं तर ११० वरून ७५, आणि दहा वर्षांनी ब्याऐंशी-त्र्याऐंशी. म्हणजे सात-आठ किलो परत आले! पण याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण, ती न केलेल्यांपेक्षा कमी आढळलं. मग त्या सात-आठ किलोंसाठी कुणाला अपराधी का वाटावं?

शरीराला हरवलेलं वजन परत हवं असतं. जठरातून ‘घ्रेलिन’ नावाचं भूक चेतवणारं संप्रेरक पाझरतं. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली ते शोधलं. स्लीव्हनंतर ते बरंच कमी होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही. पुढे भूक थोडी परतते, जठराची नळीही थोडी सैलावते, आणि उतरलेल्या वजनाचं शरीर कमी इंधनावर चालायला शिकलेलं असतं. यात इच्छाशक्ती कुठे कमी पडली?

म्हणून एका आकड्याऐवजी चार-पाच किलोंचा पट्टा डॉक्टरांशी बोलून ठरवावा, आणि त्याला खालची हद्दही असावी. आकडा उतरतोय म्हणून खूश असलेल्या घरात केस मूठभर गळतात, जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन घसरतं, आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आधीच रक्त कमी असलेल्या आपल्याकडच्या बायकांना हे परवडत नाही.

खरी कसोटी ताटावर लागते. आपल्या घरांत बाई शेवटी जेवते, आणि उरलंसुरलं संपवते. शस्त्रक्रियेनंतर तिला वेळेवर, बसून, चावून, थोडंसंच खायला हवं, आणि त्यात आधी प्रथिनं. दिवसाला किमान साठ ग्रॅम. एका अंड्यात सहा, वाटीभर शिजलेल्या वरणातही जेमतेम तेवढीच. मग साठ गाठायचे कसे? दही, पनीर, मोड आलेली मटकी, चालत असेल त्यांना मासे-कोंबडी. शिवाय ज्या सोयाबीनची शेतं आपल्या जिल्ह्यात आहेत, त्याच्या तीस ग्रॅम कोरड्या वड्यांतून पंधराएक ग्रॅम मिळतात. भाकरी जातच नाही असं नाही, पण ती नंतर, चतकोर. सुनेनं सगळ्यांच्या आधी ताट वाढून घ्यायचं, हे पचवायला काही घरांना ऑपरेशनपेक्षा जास्त दिवस लागतात!

फसवणूक पातळ पदार्थांतून होते. चिमुकलं जठर भाकरी अडवतं, पण गोड चहा, सरबत, ज्यूस त्यातून सरळ निसटतात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त ती सोलून, फोडीफोडीनं खावी. ग्लासभर रसात तीन-चार फळांची साखर विनासायास पोटात जाते. (उपवासाची साबुदाण्याची खिचडी त्याच पंगतीतली. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात निर्जळी उपवास तर नकोच. एका दमात तांब्याभर पाणी पिता येत नाही, ते जेवणाच्या मधल्या वेळात घोटघोट प्यावं लागतं.)

पहिल्या वर्षी तपासण्या नेमानं होतात. दुसऱ्या वर्षानंतर ‘आता बरं आहे, कशाला गाडीभाडं घालवायचं’ असं होतं, आणि नेमक्या याच सुमारास वजन पुन्हा वर सरकू लागतं. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम : या तपासण्यांसाठी दर वेळी शहरात जायला हवंच असं नाही. रक्त जवळच्या प्रयोगशाळेत देऊन अहवाल डॉक्टरांना फोनवर पाठवता येतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या, हे घरात सगळ्यांना माहीत असावं.

काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहावं, त्याच वारी, सकाळी, काही खाण्याआधी. आकडा वहीत लिहावा. ठरलेल्या पट्ट्याच्या वर सलग तीन आठवडे गेला, की कुणी टोमणा मारण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. आणि ती वही पाहुण्यांना दाखवायची नसते.