मालाच्या आधी पोहोचणारे बयान

१८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेल्या लोहमार्गाने ज्या मुलखाचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला, त्या मुलखातील बोदवडच्या बाजारपेठेत, एका धान्याच्या पेढीवर, मोझांबिकच्या नाकाला बंदरातून निघालेल्या तुरीच्या कंटेनरचे कागद तपासले जात असताना मला शेजारी बसून पाहता आले. आणि जो माल आपण डोळ्यांनी पाहिलेला नाही त्याविषयी सरकारदरबारी सत्य सांगणे हे किती दक्षतेचे काम आहे, याची प्रचीती आली.

न्हावा शेव्याच्या कस्टम ब्रोकराने (जुने व्यापारी त्याला अजून सीएचए म्हणतात) बिल ऑफ एन्ट्रीचा (आयात मालाच्या घोषणापत्राचा) मसुदा, म्हणजे चेकलिस्ट, संगणकावरून पाठविली होती. वृद्ध मुनीम ती छापून घेऊन बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग या दस्तऐवजांशी ओळीओळीने ताडून पाहत होते. कंटेनरच्या क्रमांकात चार अक्षरे, सहा आकडे आणि अखेरीस पडताळणीचा एक आकडा असतो. तो अखेरचा आकडा आधीच्या अक्षरे-आकड्यांवरून गणिताने निघत असल्यामुळे मधली चूक बहुधा तेथेच उघडी पडते. सीलच्या क्रमांकाला असे संरक्षण नाही. म्हणूनच फोनवरून, “काका, सीलचा नंबर पुन्हा सांगता का?” अशी विचारणा होताच, “थांबा भाऊ, मूळ कागदावरूनच वाचतो,” असे म्हणून त्यांनी एकेक आकडा सुटा सुटा उच्चारला.

पूर्वी माल धक्क्याला लागे आणि मग कागद उघडत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने डिसेंबर २००२ पासून असा दंडक घातला की, तिकडे जाणाऱ्या कंटेनरचा तपशील तो जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी कळविला पाहिजे. युरोपीय संघानेही पुढे तीच वाट धरली. आपला सीमाशुल्क कायदा १९६२ चा. परंतु २०२१ च्या दुरुस्तीनंतर जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर बिल दाखल करावे लागते, आणि मुदत टळल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० व पुढे रोज १०,००० रुपये भरावे लागतात. दंडापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते कलम ४६, कारण त्यान्वये मजकुराच्या सत्यतेची, अचूकतेची आणि परिपूर्णतेची जबाबदारी आयातदारावर येते. कोणता कंटेनर उघडावयाचा हे जोखमीचा अंदाज घेणारी संगणकप्रणाली ठरवते, आणि जे कंटेनर न उघडता सुटतात त्यांच्या बाबतीत बंदराची सुरक्षितता अशा कोपऱ्यातल्या पेढीवरील माणसाच्या सचोटीवर विसंबून असते.

वजनाच्या रकान्यापाशी मुनीम थबकले. निव्वळ वजन आणि एकूण वजन दोन्ही ठिकाणी २५,००० किलो लिहिले होते. पाचशे पोत्यांचे बारदान धरलेच नव्हते. कुणी दुर्लक्षही केले असते इतका तो फरक अल्प, परंतु बिल ऑफ लेडिंगशी तो जुळत नव्हता. त्यांनी ब्रोकराला दुरुस्ती सांगितली, सुधारलेला मसुदा पुन्हा मागविला, तो पुन्हा आरंभापासून वाचला, आणि मगच आपला होकार कळविला. पलीकडे डिजिटल स्वाक्षरी होऊन बिल सीमाशुल्क खात्याच्या आइसगेट या संकेतस्थळावर दाखल झाले. मिळालेला क्रमांक मुनिमांनी तारखेसह वहीत टिपला आणि त्याखाली वनस्पती संगरोध खात्याला दाखवावयाच्या कागदांची यादी लिहावयास घेतली, कारण तुरीत कीड आहे की नाही, याचा निवाडा नमुना हाती घेऊनच व्हावयाचा होता.